आधी बूट घाल, बाकीचं नंतर

मन थाऱ्यावर नाही म्हणून व्यायाम सुरू करतोयस, छान. पण पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत धावू नकोस. मी तेच केलं होतं. पोटऱ्या इतक्या भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला, आणि पुढचे दहा दिवस बूट कोपऱ्यात पडून.

चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम व्यायाम करावा. आकडा बघून दचकू नकोस, दहा मिनिटांचीही गणती होते.

‘एंडॉर्फिन’चं, म्हणजे व्यायामाने शरीरात वाढणाऱ्या आणि बरं वाटायला लावतं म्हणतात त्या रसायनाचं, कौतुक सगळीकडे ऐकशील. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. व्यायामानंतर वाटणाऱ्या हलकेपणामागे एंडोकॅनाबिनॉइड्सचा, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या आणि मेंदूत सहज पोचणाऱ्या दुसऱ्या रसायनांचा, हात असावा, असं आता बरेच संशोधक मानतात. असो. तुला फरक कदाचित झोपेत जाणवेल, कदाचित मूडमध्ये.

धावताना छाती धडधडली की घाबरायला होतं, कारण चिंतेतही अगदी तसंच धडधडतं. हळूहळू शरीराला कळतं की ही धडधड धोक्याची नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

औषधं चालू असतील तर मनानेच बंद करू नकोस. जीव नकोसा वाटत असेल तर व्यायामाची वाट बघत बसू नकोस, आजच डॉक्टर गाठ. आणि एक दिवस चुकला म्हणून अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला लागलास, तर तेही मला सांग.