व्हिक्टोरियाची बाग पायी होते, पण तुमच्या कंसातलं ते वाक्य आधी बघा

निपाणीकर दादा, तुमचा प्रश्न बागांचा आहे. आई-बाबांना जूनमध्ये सिएटलहून अलास्काच्या क्रूझवर नेताय, शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबा आहे, टूर न घेता पायी बागा बघता येतील का, असं विचारलंत. येतील की. पण कंसात तुम्ही सहज लिहून गेलाय, ‘कॅनडात नुसता थांबा म्हणून तिकडचा व्हिसा काढला नाही.’ माझं वाचणं तिथंच थांबलं, कारण 2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं याच वाक्यापायी सिएटलच्या धक्क्यावरून परत फिरलो.

तेव्हा बेळगावच्या टिळकवाडीतून निघण्याआधीच गावातल्या एका बुकिंगवाल्याकडून क्रूझ ठरवली होती. नाव घेत नाही, दुकान अजून चालू आहे. त्याला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर तेच, ‘बाई, उतरला नाहीत तर व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा आहे की तुमच्याकडं.’ मी शाळेत पस्तीस वर्षं मुलांना ‘उत्तर पडताळून बघा’ सांगत आले आणि स्वतः तेवढंच केलं नाही. सिएटलच्या पिअर 91 या क्रूझच्या धक्क्यावर बॅगा आत गेल्या, आमचे पासपोर्ट बाजूला काढले, आणि काउंटरवरच्या मुलीनं अगदी गोड आवाजात सांगितलं की कॅनडाचा व्हिसा नसेल तर जहाजावरच चढता येणार नाही. उतरायचं असो वा नसो. बॅगा परत मिळायला तीन तास. पैसे गेले ते गेलेच, कारण कागद अपुरे असणं ही प्रवाशाची चूक धरतात. इन्शुरन्सनंही हात वर केले. बुकिंगवाल्याला फोन लावला तर म्हणाला, ‘नियम बदलला असेल.’ नियम काही बदललेला नव्हता.

आणि हा थांबा टळण्यातला नाही. अमेरिकेचा 1886 चा कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेतल्या बंदरातून लोक घेऊन, मधे अलास्कासारखी अमेरिकेचीच बंदरं करून, एकाही परदेशी बंदराला न शिवता परत तिथंच सोडू शकत नाही. म्हणून सिएटलची जहाजं बहुतेक व्हिक्टोरियाला जाऊन येतात, तेही संध्याकाळी चार-पाच तास. थांबा तुमच्या आईबाबांसाठी नाही, त्या कायद्यासाठी आहे.

नंतर आम्ही सिएटलहूनच अर्ज केला. फी माणशी 100 कॅनडियन डॉलर, बोटांच्या ठशांचे 85 वेगळे, जोडप्याला मिळून 170. यात आपल्याकडच्या लोकांना एक खास डोकेदुखी आहे. घराचा उतारा कन्नडमध्ये, लग्नाचा दाखला मराठीत. त्यांना इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, भाषांतर करणाऱ्याच्या शपथपत्रासकट, आणि घरातल्या माणसानं केलेलं चालत नाही. ते इथूनच करून न्या. तिकडं कन्नडवाला शोधत बसायची वेळ आमच्यावर आली. दुसरं, 2014 ला गावाचं नाव बदललं, तेव्हापासून काही कागदांवर बेळगावी, जुन्यांवर बेलगाम. अर्जात पासपोर्टवर जे आहे तेच लिहा, स्वाभिमान बाजूला ठेवून. अमेरिकेचा व्हिसा परतीच्या दिवशीही चालू असला पाहिजे, तेही बघा. मी वकील नाही, नियम हलतात, कॅनडा सरकारच्या साइटवर स्वतः वाचा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, मी तो एकदा बुकिंगवाल्यावर ठेवून बसले आहे.

आता बाग. सप्टेंबरात आम्ही गेलो. ऑग्डेन पॉइंटला जहाज लागतं. बाहेर पडलं की बसवाले हाका मारतात, तिकडं लक्ष देऊ नका. डॅलस रोड धरा, समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत राहा, पाण्यापलीकडं दिसतात ते अमेरिकेतले ऑलिम्पिक डोंगर. रमतगमत अर्ध्या तासात ‘माइल झीरो’ येतो, ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा शून्य मैल. शेजारी टेरी फॉक्सचा पुतळा आहे. कॅन्सरनं एक पाय गेलेला हा पोरगा 1980 मध्ये दुसऱ्या टोकाहून धावत निघाला होता, त्याला इथवर पोचता आलं नाही. आमचे हे तिथं बराच वेळ उभे राहिले. गुडघ्यावरून जहाजावर सुरू असलेली कुरकुर तिथून पुढं बंद.

तिथूनच बीकन हिल पार्क सुरू होतो. जवळपास 75 हेक्टर, 1882 पासून शहराचा. सगळा बघायच्या नादाला लागू नका. गुडएकर तळं, त्यावरचा दगडी पूल आणि मोकळे हिंडणारे मोर, एवढं पुरे. ‘सात समुद्र ओलांडून मोर बघायला आलो,’ हे ह्यांचं म्हणणं, पण फोटो त्यांनीच जास्त काढले. 1956 चा, 38 मीटरहून उंच लाकडी टोटेम खांब (तिथल्या मूळ रहिवाशांचा कोरीव खांब) आम्ही गेलो तेव्हा उभा होता. मोठ्या झाडांखालचा गारवा आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतल्या पहाटेसारखा, पण बाकं जास्त. परतताना सरळ आत शिरून बंदरापाशी या, विधानभवनाची दिव्यांची रोषणाई बघा आणि जेम्स बे वस्तीतून जहाजावर. आम्हाला साडेसातलाच अंधार पडला, तुम्हाला जूनमध्ये नऊपर्यंत उजेड मिळेल.

बुचार्ट गार्डन सगळे सुचवतील. छान आहे म्हणतात, पण ते वीसेक किलोमीटर लांब, पायी नाहीच. चार तासांच्या थांब्यात निम्मा वेळ बसमध्ये घालवण्यापेक्षा मोर बरे, असं माझं मत. पटलं नाही तर सोडा.

जहाजावरचं सफरचंद पिशवीत टाकून उतरू नका, फळं नेऊ देत नाहीत. आणि अलास्काचं घड्याळ व्हिक्टोरियाच्या एक तास मागं असतं. परतीची वेळ दाराजवळच्या पाटीवर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून बाबांच्या फोनमध्येही टाकून ठेवा.

जूनला फार दिवस नाहीत. अर्ज या आठवड्यात टाका, बाग कुठं पळून जात नाही.