टॅक्सवाल्या बाईंनी मुलाला काय सांगायचं, हे काकांनी ठरवलं

‘या कागदावर सही केली की माझा सगळा हिशोब मुलाच्या हातात. मग माझं काय राहिलं?’ न्यू जर्सीतल्या मराठी ज्येष्ठांशी बोलताना टॅक्सच्या दिवसांत ही काळजी हमखास कानावर येते. परवाचे काका ७८ वर्षांचे. निवृत्त इंजिनिअर, काकू गेल्यापासून एकटे राहणारे. मुलगा सिअ‍ॅटलला.

झालं होतं असं. त्यांचं रिटर्न भरणाऱ्या बाईंना यंदा फाइलमध्ये आयआरए या निवृत्ती-बचत खात्यातून काढलेल्या पैशांचा दाखला, म्हणजे १०९९-आर फॉर्म, दिसला नाही. या वयात आयआरएतून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते, राहिली तर तिच्यावर २५ टक्क्यांपर्यंत दंड बसतो. पुण्याच्या एफडींचे कागदही नव्हते. परदेशातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरणं सक्तीचं. बाईंनी फोन केले, काका ‘पाठवतो’ म्हणायचे आणि विसरायचे. मुलाचा नंबर असूनही बाईंना त्याला काही सांगता येईना. ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय अशी माहिती घरच्यांना दिली, तर अमेरिकी करकायद्याच्या कलम ७२१६ खाली १,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद. म्हणून त्यांनी संमतीचा फॉर्म पुढे केला आणि काका दुखावले.

मी म्हटलं, ‘काका, आधी मोठ्याने वाचा बघू.’ सही केली नाही म्हणून रिटर्नचं काम अडत नाही, हे त्यातच छापलेलं. मुदत घातली नाही तर संमती एक वर्षाची. माहिती कोणाला, कोणती, कशासाठी, तेही लिहायचं. हे मुखत्यारपत्र नाही, त्यामुळे मुलाला ना पैसे काढता येत, ना काकांच्या जागी सही करता येत.

‘पण सूनही वाचेल ना?’ काका इथेच अडले. शंका रास्त होती. एकदा दिलेली माहिती पुढे गेली तर कायदा आड येईलच असं नाही, असं फॉर्मच सांगतो. म्हणून मी आकडे बाजूला ठेवायला सुचवलं. मुलाला एवढंच कळावं: कागद आले नाहीत, आयआरएसचं (अमेरिकी करखात्याचं) पत्र पडून आहे, किंवा अनोळखी ठिकाणी पैसे जाताना दिसतायत.

ही सही समजून-उमजून, स्वखुशीने केलेली असावी लागते. विसरणं फार वाढलं की तशी सही घेताच येत नाही, आणि तेव्हा घरच्यांची जी धावाधाव होते ती मी जवळून पाहिली आहे. त्यामुळे ‘बघू पुढच्या वर्षी’ला मी मान डोलावत नाही.

काकांनी फॉर्म घरी नेला, दोन दिवस ठेवला. मग मुदत पाच वर्षांची घातली, मुलाचं एकट्याचं नाव घातलं आणि बाईंना सांगून एक अट टाइप करून घेतली: आधी मला फोन करायचा, दोन आठवड्यांत मी कागद दिले नाहीत तरच मुलाला. सही करून त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला आणि ती अट वाचून दाखवली.