वाचकांचे प्रश्न : काळ्या पिल्लांत तलंग (मादी) कुठली, तलंगा (नर) कुठला?

प्रश्न : मावशी, मी डिचोली तालुक्यातली. कडकनाथची चौदा अंडी आणून घरच्या खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) गावठी कोंबडीखाली ठेवली होती. अकरा पिल्लं निघाली, आता सात आठवड्यांची झालीत. सगळी काळीकुट्ट, तुरेसुद्धा काळे. माद्या सगळ्या ठेवायच्यात, नर दोनच. सासूबाई म्हणतात, टोकदार अंड्यातून नर निघतो, तू गोल अंडी निवडायला हवी होतीस. भावाने मोबाइलवर पंखांची पिसं बघून ओळखायची युक्ती पाहिली होती. पिल्लं दुसऱ्या दिवसाची असताना ती करून बघितली, तर अकराच्या अकरा माद्या! विकत घेणारं गिऱ्हाईक दारात उभं आहे. काय करू?

उत्तर : गिऱ्हाइकाला दीड महिन्यानं ये म्हणून सांग. सात आठवड्यांवर एकही पिल्लू घराबाहेर जाऊ देऊ नकोस. मी वाळपईला नवीन असताना याच वयाची पाच पिल्लं 'नर' म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकली. त्यातल्या तीन माद्या होत्या. पुढच्या वर्षी घेणारी बाई भेटली तेव्हा तिनंच सांगितलं, मावशी, तुमचे कोंबडे अंडी घालतात. त्यातली एक माझ्याकडची सगळ्यात अंगापिंडानं भरलेली पोर होती. ती गेली म्हणून मला आजही वाईट वाटतं.

आधी सासूबाईंचं. अंड्याच्या आकाराचा आणि पिल्लाच्या लिंगाचा संबंध नाही. ते कोंबडी अंडं घालते त्याआधीच ठरलेलं असतं, आणि कोंबड्यांमध्ये ते आईकडून ठरतं, बापाकडून नाही. अंडी निवडताना टोकापेक्षा कवच धड आहे का, अंडं मध्यम आकाराचं आणि ताजं आहे का, ते बघ. आणि चौदातून अकरा पिल्लं ही चांगली गोष्ट आहे. कडकनाथ कोंबडी स्वतः नीट खुडूक बसत नाही. तू गावठीखाली ठेवलीस तेच बरोबर केलंस.

भावाची युक्ती खोटी नाही, पण ती तुझ्या पिल्लांसाठी नाही. ज्या कोंबड्यांच्या पिढ्या त्यासाठी मुद्दाम जुळवल्यात, म्हणजे आई सावकाश पिसं येणारी आणि बाप लवकर पिसं येणारा, त्यांच्याच पिल्लांत पहिल्या एक-दोन दिवसांत पंखावरून फरक दिसतो. बाकी बऱ्याच जातींत नर-मादी दोघांच्याही पंखाची पिसं लवकर वाढतात, म्हणून सगळी माद्यांसारखी दिसतात. तुझ्या अकराचं तेच झालं. एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार उघडून बघण्याची पद्धत जपानी लोकांनी शोधली. ती शिकलेल्या माणसाचंच काम आहे. घरी करून बघू नकोस, पिल्लू दुखावतं.

आता तुझी खरी अडचण. आपल्या गावठीत पाच-सहा आठवड्यांवर तुरा लाल होऊ लागला की आपण म्हणतो, हा नर. कडकनाथचं कातडं, मांस, हाडांवरचं आवरण यांतच काळा रंग भिनलेला, त्यात तुऱ्याचा लालपणा बुडून जातो. म्हणून रंग बघायचाच नाही, आकार बघायचा. एकाच दिवशी निघालेली सगळी पिल्लं सकाळी दाणा घालताना शेजारी शेजारी बघ. वेगवेगळ्या वयाची एकत्र असतील तर डोळा फसतो. नराचा तुरा बुडाशी रुंद असतो आणि उंच चढू लागतो, गळ्याखालचे लोंब सुटू लागतात. मादीचा तुरा बारीक, डोक्याला चिकटून राहतो. नराच्या पायांच्या नळ्या जाड. खांद्यांवर आणि पाठीवर नर बराच काळ उघडा-बोडका दिसतो, मादी तोवर पिसांनी झाकलेली असते आणि तिची शेपटीही आधी फुटते.

यातल्या एका खुणेवर निकाल देऊ नकोस. नर असल्याचा संशय येईल त्याच्या पायात लाल लोकर सैल बांध, मादी वाटेल तिला पिवळी. दर रविवारी दोरा सोडून पुन्हा बांध, पाय वाढतो आणि दोरा रुततो. त्याच वेळी तराजूवर वजन करून वहीत लिही. आठव्या-नवव्या आठवड्यापासून नरांचे आकडे वर सरकू लागतात. छाती काढून भांडतो तो नर, असं शेजारी म्हणतील. माद्याही आपली पायरी ठरवायला भांडतात, ते धरू नकोस. आरवलं तर मात्र नर समज. न आरवलं म्हणून मादी समजू नकोस, कारण खुराड्यात एक दांडगा असला की बाकीचे गप्प राहतात.

पक्की खूण बाराव्या आठवड्याच्या आसपास मिळते. पिल्लू संध्याकाळी, ते डोळे मिटू लागल्यावर, मांडीवर घे. शेपटीच्या आधी, कमरेवरची पिसं बोटांनी वर कर. नराची तिथली नवी पिसं लांब, अरुंद, टोकाला भाल्यासारखी आणि चकचकीत. मादीची आखूड आणि टोकाला गोल. मानेवरही तसंच, पण मानेच्या रंगावर जाऊ नकोस. कडकनाथमध्ये पूर्ण काळी, रुपेरी छटेची आणि सोनेरी छटेची अशा तीन तऱ्हा आहेत, आणि ती छटा नराची निशाणी नव्हे.

एक हिशोब सांगते. विकायचे नर सहा महिन्यांवर भरतात. श्रावणात आपल्याकडे गिऱ्हाईक नसतं, पुढे चवथ (गणेशचतुर्थी) येते. फेब्रुवारीत निघालेली पिल्लं नेमकी श्रावणात तयार होतात आणि महिनाभर फुकटचा दाणा खातात. पुढच्या वेळी अंडी मार्चअखेरीला बसव.

प्रश्न : माझ्या कडकनाथ माद्यांत शेजाऱ्याचा वनराजा कोंबडा कुंपण ओलांडून येतो. पिल्लं तरी काळीच निघतात. मग जात बिघडते का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : बिघडते. वनराजा ही हैदराबादच्या संशोधन केंद्रात परसासाठी तयार केलेली कोंबडी. चांगली आहे, पण वेगळी. कडकनाथच्या मांसाला मध्य प्रदेशातल्या झाबुआचं भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं. तिथल्या आदिवासी घरांनी ही कोंबडी पिढ्यान् पिढ्या जपली, आपण दोन पावसाळ्यांत मिसळून टाकू नये. मिश्र पिल्लू वरून काळं दिसू शकतं. त्याची चोच उघडून जीभ आणि टाळा बघा, पायांचे तळवे बघा. तिथं फिकेपणा दिसला तर पैदाशीला ठेवू नका. सगळं काळं दिसलं तरी शुद्ध असल्याची खात्री नाही, म्हणून बाप कोण ते माहीत असलेलीच पिल्लं पैदाशीला ठेवा.

आधी कुंपण उंच करा किंवा माद्या जाळीत ठेवा. कोंबड्याचं बीज मादीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून वेगळ्या केल्यावर तीन आठवडे सगळी अंडी घरी खा, एकही खुडूक कोंबडीखाली घालू नका. चौथ्या आठवड्यापासून आपला कोंबडा सोडा, आठ-दहा माद्यांना एक. तो त्यांच्याबरोबर निघालेला भाऊ नसावा, दुसऱ्या घरून आणलेला असावा.