ईसीजी नॉर्मल आला, तरी ठोका चुकल्यासारखा का वाटतो?

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून एखाददा रात्री छातीत धडधडतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि म्हापशात काढलेला ईसीजी मात्र नॉर्मल आला. मी डॉक्टर नव्हे. फोंड्यातल्या एका इस्पितळात ईसीजी काढतो, होल्टर (अंगावर बाळगायचं, ठोक्यांची सतत नोंद घेणारं छोटं यंत्र) लावतो. असे पेशंट रोजचेच.

साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेतो. तेवढ्या वेळात ठोके नीट पडले, एवढंच तो कागद सांगतो. त्रास होत असतानाची नोंद मिळाल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. रोज धडधडत असेल तर २४ किंवा ४८ तासांचं होल्टर पुरतं. तुमच्यासारखं आठवड्याला एकदा असेल, तर ते कोरं निघण्याचीच शक्यता जास्त. छातीवर आठवडा-दोन आठवडे चिकटून राहणाऱ्या, ठोके नोंदणाऱ्या पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा.

यंत्र लागलं की बरेचजण घरी जाऊन आडवे होतात. मग सापडणार काय? कामाला जा, जिने चढा. होल्टर असेतो आंघोळ तेवढी नको. आपल्याकडच्या घामाने चिकटपट्ट्या सुटतात, त्या दाबून बसवा. आणि धडधडलं की वेळ लिहून ठेवा. वही कोरी आली तर त्रास आणि नोंद यांची सांगड घालता येत नाही.

तोवर धडधडताना मनगटाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. घुमट हे वाद्य वाजवताना एखादी मात्रा चुकणं वेगळं आणि तालच नसणं वेगळं. मधूनच एक ठोका लवकर पडून पुढे थोडा खंड पडतो, तो प्रकार बहुतेकदा निरुपद्रवी असतो. पण नाडीला मेळच नसेल तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल फडफडणं, असू शकतं. त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून ते अंगावर काढू नका. सोबत इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि पोटॅशियमही बघतात.

धडधडताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर स्कूटर काढू नका, १०८ ला फोन करा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आदल्या रात्री फेणी जास्त झाली होती का, हेही वहीत लिहा. दारूने ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टर विचारतातच. शेजारी बायको बसलेली असली की बहुतेक पुरुषांचं उत्तर ‘कधीतरी’ असतं.