डोकं दुखतंय : गोळी घ्यावी की दवाखाना गाठावा?

प्रश्न : अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही. आधी महिन्यातून एकदा व्हायचं. आता जवळजवळ रोजच मेडिकलमधून गोळी आणून घेते, तरी थांबत नाही. (गृहिणी, विटा)

ताई, लक्षणं अर्धशिशीची वाटतात, पण रोजच्या दुखण्यामागे बहुधा ती गोळीच आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की औषधच डोकेदुखी टिकवून धरतं. गोळी सोडताना सुरुवातीला दुखणं वाढतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडा. अर्धशिशी वारंवार उठू नये यासाठी वेगळी औषधं असतात, त्यांबद्दल जरूर विचारा. घरच्या कॅलेंडरवर दुखल्याच्या आणि गोळी घेतल्याच्या दिवशी खूण करा. ते पान डॉक्टरांना दाखवा, खूप काही कळतं. जागरण, पाळी, उपवास यांचा मेळही त्यातच दिसेल. संकष्टीला हमखास डोकं उठत असेल, तर चंद्रोदयापर्यंत निरंकार राहू नका. फराळ करा, पाणी प्या. देव रागावणार नाही.

प्रश्न : द्राक्षबागेत औषध मारलं की संध्याकाळी डोकं धरतं. गोळी खाऊन झोपलं तर चालेल ना? (शेतकरी, तासगाव तालुका)

नाही चालणार. काही कीटकनाशकं कातडीतून आणि श्वासातूनही अंगात भिनतात. डोकं दुखू लागलं की फवारणी थांबवा, बागेबाहेर या, कपडे बदला, साबणाने अंघोळ करा. सोबत मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, दरदरून घाम, अंधुक दिसणं किंवा धाप असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा आणि औषधाची बाटली बरोबर न्या. विषाचं नाव कळलं की उपचार लवकर ठरतात. पुढच्या वेळी मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका.

प्रश्न : लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, आठवा महिना. दोन दिवस डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतं. (आई, मिरज)

आजच्या आज दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असू शकतो. रक्तदाब आणि लघवी तपासायला सांगा. मनाने वेदनाशामक देऊ नका.

प्रश्न : बाम, सुंठेचा लेप यांचा उपयोग होतो का? आणि घरी थांबायचं नाही ते कधी? (वाचक, पलूस)

ताणाने डोकं दुखत असेल तर बाम लावून बरं वाटतं, लावा. लेपाने कातडी पोळली तर धुऊन टाका.

पण मिनिटभरात असह्य झालेली डोकेदुखी, तापासोबत ताठ झालेली मान, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं आणि उलट्या, यांत वाट पाहू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्याने सुरू झालेलं दुखणंही डॉक्टरांना लवकर दाखवा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं दिसलं तर तो पक्षाघात असू शकतो, १०८ ला फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. छोट्या दवाखान्यात थांबून वेळ घालवू नका. सांगली-मिरजेत सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या.