जुन्या मोटारींचे बंपर खरंच उपयोगाचे होते की नुसते शोभेचे?

दोन्ही, पण आधी उपयोगाचे. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली ती बंपरशिवायच. हवा असेल तर बाजारातून वेगळा आणून बसवायचा. नंतरच्या मॉडेल ए गाडीचा फोटो जवळून बघा: पुढे स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन आडव्या पट्ट्या, एकीवर एक, मधे मोकळी फट. हळू धक्का बसला की पट्टी लवचिकपणे दबायची आणि तिच्यामागे असलेले पुढचे दिवे, रेडिएटर, मडगार्ड वाचायचे. जोरात धडकलात तर मात्र काही खरं नाही! पुढे क्रोमचा मुलामा आला आणि बंपर गाडीचा दागिनाच झाला. मला विचाराल तर त्या साध्या दोन पट्ट्याच जास्त देखण्या.