रेणू बदलण्याआधी नळी पाहा

चि. ...,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. निळ्या उत्सर्जकाच्या, म्हणजे विजेवर उजेड देणाऱ्या तुझ्या सेंद्रिय रेणूच्या, पहिल्या खेपेचे दिवे दीडशे तास टिकले, तिसऱ्या खेपेचे अकरा तासांतच निम्म्या उजेडावर आले, आणि आता नवा रेणू कोणता घ्यावा, असे तू विचारतेस. त्यावर माझा प्रश्न एकच आहे: तिसऱ्या खेपेचे संप्लवन, म्हणजे नळीत तापवून वाफ करणे आणि थंड भागी पुन्हा घन जमवणे हे शुद्धीकरण, किती वेळा केलेस? पत्रात संगणकीय गणितांची चार पाने आहेत, संप्लवनाचा मात्र उल्लेखही नाही. अगं, रेणू तर तिन्ही खेपांत एकच होता. बदलली असेल ती त्याच्यासोबत आलेली भेसळ.

हजार रेणूंमागे एक जरी परका असला, तरी दहा बाय दहा बाय दहा रेणूंच्या प्रत्येक ठोकळ्यात ऊर्जा अडकवून वाया घालवणारा सरासरी एक सापळा बसला, असा हिशेब होतो. विजेवर तयार होणाऱ्या एक्सायटॉनांपैकी, म्हणजे रेणूवरच्या उत्तेजित ऊर्जेच्या पुड्यांपैकी, सुमारे ७५ टक्के ट्रिप्लेट, म्हणजे सहसा उजेड न देणाऱ्या जातीचे, असतात. क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये इरिडियमसारख्या जड धातूवाचून त्यांनाही उजेडाच्या कामी लावले, ते खोलीतल्या उष्णतेच्या बळावर उजेड देणाऱ्या सिंगलेट अवस्थेत चढवून. पण त्या चढणीला मायक्रोसेकंद लागतात, आणि इतका वेळ रेणूवरून रेणूवर हिंडणाऱ्याला सापळा सापडणारच. निळा जात्याच नाजूक आहे, हे मला मान्य आहे. ४६० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, आणि असे दोन एक्सायटॉन एकमेकांना भिडले की एकाच रेणूवर जमणारी ऊर्जा कार्बन-नायट्रोजन बंध तोडायला पुरून उरते. परंतु नाजूकपणाला दोष देण्याचा हक्क ज्याच्या हाती शुद्ध माल आहे त्यालाच. आधी शुद्ध कर, मग रेणूविषयी बोल.

एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चुंबकीय तपासणी) स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नकोस. हजारातला एक तिथे सहसा दिसत नाही. तुझा रेणू कार्बाझोलचा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या एका वलयी संयुगाचा, आहे, आणि बाजारातले कार्बाझोल बहुधा कोळशाच्या डांबरातून येते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील लिउ बिन यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवून दिले, की विकतच्या कार्बाझोलमध्ये बेंझोइंडोल हा त्याचाच समावयवी (अणू तेच, जोडणी वेगळी) अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रमाणात असतो. प्रयोगशाळेत स्वतः घडवलेल्या कार्बाझोलपासून तेच पदार्थ केले, तेव्हा दिवा मालवल्यावर रेंगाळणारी त्यांची चमक जवळजवळ नाहीशी झाली. त्या चमकेवर तोवर किती देखणे सिद्धांत रचले गेले होते! तुझ्या तिन्ही खेपांना कार्बाझोलची बाटली एकच होती का, एवढे तरी पाहिलेस का?

रागावू नकोस. हे शहाणपण मलाही फुकट मिळालेले नाही. एका सकाळी मी नळी भट्टीतून काढली. मध्यभागी लिंबाच्या रंगाचे स्फटिक, त्यांना लागून एक अरुंद तपकिरी पट्टा, आणि मुशीत करपलेला काळा गाळ. दिवे बनवणाऱ्यांना दहा वाजता दोनशे मिलिग्रॅम हवे होते, माझ्याकडे एकशेसाठच भरत होते, आणि उरलेले चाळीस मी त्या पट्ट्यातून खरवडून घेतले. त्यापायी माझ्या पहिल्या विद्यार्थ्याचे आठ महिने रेणूच्या अस्थैर्याचा अभ्यास करण्यात गेले, आणि रेणू अस्थिर नव्हताच हे कळेपर्यंत त्याने विषय सोडला होता. पट्ट्याची गोष्ट मी त्याला आजवर सांगितलेली नाही.

तेव्हापासून तीन वेळा संप्लवन झाल्याखेरीज माझ्या हातून एकही कुपी बाहेर गेली नाही. लेख कमी झाले, बढती उशिरा आली, सहकाऱ्यांनी माझ्या प्रयोगशाळेला ‘सोवळ्यातले स्वयंपाकघर’ असे नाव ठेवले. ते नाव मी मिरवले, आणि ते मला लागलेही. तरीही माझे आकडे दुसऱ्यांच्या हाती तसेच्या तसे येतात, आणि बढतीच्या कागदांत या गोष्टीसाठी रकाना नसतो, हा काही माझा दोष नव्हे. असो.

नवा रेणू तूर्त राहू दे. पहिल्या खेपेतले थोडे उरले असेल, तर दोन्ही खेपा एकाच दिवशी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) लाव, जोडणीच्या अभिक्रियेतून उरलेल्या ब्रोमीनची वेगळी तपासणी करून घे, आणि तिसरी खेप पुन्हा नळीत चढव. तापमान पाच-पाच अंशांनीच वाढव, रात्र गेली तरी चालेल. सकाळी काही खरवडण्याआधी नळीचे छायाचित्र मला पाठव, आणि मूस तशीच ठेव, धुऊ नकोस.

तुझे सर